टेबलाची प्रायमरी की कशी निवडावी? आयएसबीएन, मोबाइल नंबर, ऑटो आयडी की यूयूआयडी?

आडवाट

नमस्कार मंडळी,

एका वाचनालयासाठी डेटाबेस बांधायला घेतला आहे. पुस्तकं, प्रत्येक पुस्तकाच्या प्रती, सभासद आणि देवघेव ही मुख्य टेबलं. आजवरचा सगळा कारभार रजिस्टरात आहे, थोडाफार एक्सेलमध्ये. पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरायचं जवळपास ठरलं आहे, पण ऐनवेळी मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसवर जावं लागण्याची शक्यता आहे.

गाडी अडली आहे ती प्रायमरी कीपाशी, म्हणजे टेबलातली प्रत्येक ओळ नेमकी ओळखायच्या कॉलमपाशी. माझ्या डोक्यात असं होतं: पुस्तकांना आयएसबीएन (पुस्तकावर छापलेला आंतरराष्ट्रीय क्रमांक), सभासदांना मोबाइल नंबर, आणि देवघेवीच्या टेबलाला सभासद व प्रत हे दोन कॉलम मिळून कंपोझिट की. माझ्यासोबत काम करणाऱ्या एकाचं म्हणणं की सगळ्या टेबलांना सरसकट ऑटो इन्क्रिमेंट आयडी (डेटाबेसने १, २, ३ असा आपोआप दिलेला क्रमांक) लावून मोकळं व्हावं. दुसरी सहकारी म्हणते, आता सगळे यूयूआयडी (कोणत्याही यंत्रावर तयार करता येणारी १२८ बिटांची ओळख) वापरतात. ज्याचं ऐकावं त्याचं पटतं, त्यामुळे निर्णय होत नाही. नुसता नियम नको आहे, त्यामागची कारणं सांगितलीत तर पुढच्या टेबलांनाही उपयोग होईल.

गवतफूल

आडवाट, मोबाइल नंबर आधी बाद करा. नंबर बदलतो, एका घरातले दोघं तोच नंबर देतात, लहान सभासदांकडे नंबर नसतो. शिवाय बंद पडलेला नंबर कंपन्या काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला देतात. तो ग्राहक तुमच्याकडे नाव नोंदवायला आला, तर तुमच्या डेटाबेसच्या लेखी तो जुनाच सभासद ठरेल, जुन्याने न परत केलेल्या पुस्तकांसकट.

प्रायमरी की प्रत्येक ओळीला असलीच पाहिजे, दोन ओळींची सारखी नसावी आणि ओळ असेपर्यंत ती बदलू नये. यातल्या पहिल्या दोन गोष्टी डेटाबेस सांभाळतो. तिसरी तो तपासत नाही, ती तुम्हालाच आधी जोखावी लागते आणि चूक बहुतेक वेळा तिथेच होते. की बदलता येत नाही असं नाही. ऑन अपडेट कॅस्केड लावलं तर फॉरेन की (दुसऱ्या टेबलांतले, या ओळीकडे बोट दाखवणारे कॉलम) आपोआप बदलतात. पण त्या सभासदाच्या देवघेवीच्या सगळ्या ओळी लिहाव्या लागतात, आणि डेटाबेसबाहेर गेलेल्या प्रती, म्हणजे अहवाल, बॅकअप, कोणाला पाठवलेली फाइल, त्यांच्यापर्यंत कॅस्केड पोहोचत नाही.

आयएसबीएनचा विचार मात्र नीट करायला हवा, कारण तो क्रमांक ओळख पटवण्यासाठीच तयार केलेला आहे. तरीही बघा. त्याचं आंतरराष्ट्रीय मानक १९७० सालचं. त्याआधीच्या पुस्तकांवर तो नसतो आणि जुन्या वाचनालयात अशी पुस्तकं कपाटं भरून असतात. नंतरच्या काळातही छोट्या संस्थांनी छापलेल्या पुस्तकांवर तो नसतो. १ जानेवारी २००७ पासून तो १० अंकांचा १३ अंकी झाला. दोन्हींच्या तपासणी अंकाचं गणित वेगळं असल्यामुळे नुसतं पुढे ९७८ जोडून भागत नाही, शेवटचा अंकही नव्याने काढावा लागतो. १० अंकी क्रमांकात तो शेवटचा अंक कधी कधी रोमन एक्स असतो, म्हणून कॉलम संख्येचा ठेवता येत नाही. पुठ्ठा बांधणी आणि साधी बांधणी यांचे क्रमांक वेगळे असतात. आणि एकच क्रमांक चुकून दोन वेगळ्या पुस्तकांवर छापल्याचे प्रकार ग्रंथपालांना नवे नाहीत.

थोडक्यात, पुस्तकाला आपला एक साधा आयडी द्या. आयएसबीएन वेगळ्या कॉलममध्ये, टेक्स्ट म्हणून, नल (रिकामा) चालेल असा ठेवा.

तळटीप

एक्सेलमधून माल आणणार असाल तर शून्याने सुरू होणारे आयएसबीएन आधी तपासा. तो कॉलम संख्येचा असेल तर पुढचं शून्य गेलेलं असतं. १३ अंकी क्रमांक एक्सेलच्या मूळ, जनरल फॉरमॅटमध्ये घातांकाच्या रूपात दिसतात, आणि त्याच रूपात सीएसव्ही काढली तर मागचे अंक कायमचे जातात.

शून्यविराम

गवतफूल यांच्याशी आयएसबीएन आणि मोबाइलबद्दल सहमत आहे. पण "साधा आयडी द्या" हे वाक्य जसंच्या तसं घेतलं जातं आणि तिथून खरा त्रास सुरू होतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

एडगर कॉड यांनी १९७० साली रिलेशनल मॉडेल मांडलं तेव्हा प्रायमरी की ही माहितीतलीच एक गोष्ट होती: ज्या कॉलमच्या किंवा कॉलमांच्या किमतीवरून ओळ नेमकी ओळखता येते ते कॉलम. अशा एकापेक्षा जास्त कॅन्डिडेट की असू शकतात, त्यातली एक प्रायमरी म्हणून निवडायची. यंत्राने दिलेल्या, स्वतःला काही अर्थ नसलेल्या सरोगेट की त्यांनीच १९७९ च्या लेखात पुढे आणल्या. पण सरोगेट आली म्हणून कॅन्डिडेट की शोधायचं काम संपलं, असा त्याचा अर्थ कधीच नव्हता.

आता तुमचं टेबल घ्या. सभासदांना ऑटो आयडी दिला. एकच बाई दोनदा नोंदवली गेली, आयडी ४१ आणि आयडी ८७. डेटाबेसची काही तक्रार नाही, कारण ४१ आणि ८७ वेगळे आहेत. प्रायमरी कीचा नियम पाळला गेला आणि टेबलातली माहिती मात्र चुकली. ऑटो आयडी असलेल्या ओळीत दुसरं काहीच युनिक नसेल, तर ते टेबल डुप्लिकेट ओळी अडवूच शकत नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण अशा दुहेरी नोंदी वर्षभराने निस्तरणं हे अत्यंत किचकट काम असतं. दोन्ही आयडींवर देवघेव झालेली असते, आणि कोणती ओळ ठेवायची हे ठरवायला माणूसच बसवावा लागतो.

म्हणून प्रत्येक टेबलाला विचारा: यंत्राने दिलेला आयडी झाकला, तर दोन ओळी वेगळ्या आहेत हे मी कशावरून सांगणार? जे उत्तर येईल त्यावर युनिक कन्स्ट्रेंट (तीच किंमत दुसऱ्यांदा येऊ न देणारा नियम) लावा आणि त्या कॉलमांना नॉट नल (रिकामं ठेवता न येणारं) करा. उत्तरच येत नसेल तर टेबल कशाचं आहे हेच अजून ठरलेलं नाही.

आडवाट

शून्यविराम, हा प्रश्न सभासदांना विचारला आणि अडकलो. नाव आणि जन्मतारीख? जुळी भावंडं सोडली तरी एकाच नावाची माणसं असतात. ईमेल सगळ्यांकडे नाही.

शून्यविराम

माणसांच्या बाबतीत निखळ नॅचरल की (माहितीतूनच मिळणारी ओळख) जवळपास कधीच मिळत नाही, हे मान्य करायला हवं. तिथे सभासद क्रमांक ही तुम्ही तयार केलेली ओळख असते. वाचनालय तो क्रमांक कार्डावर छापून देतं, माणूस तो दाखवतो, म्हणजे तो व्यवहारातला क्रमांक झाला. तो युनिक ठेवा. नाव, जन्मतारीख, फोन यांची जुळवाजुळव नोंदणीच्या वेळी पडद्यावर इशारा म्हणून दाखवा, "या नावाचे सभासद आधीच आहेत, तेच का?" म्हणून. ते काम कन्स्ट्रेंटने करू नका, नाहीतर खरोखरच्या दुसऱ्या माणसाला प्रवेश नाकारला जाईल. आयएसबीएनचंही तसंच. चुकून दोनदा छापलेला क्रमांक प्रत्यक्षात असू शकतो, तेव्हा तिथेही साधा इंडेक्स (शोध वेगाने व्हावा म्हणून ठेवलेली सूची) आणि इशारा पुरे.

प्रतींचं टेबल मात्र तुमच्याकडे नॅचरल की घेऊनच आलेलं आहे. प्रत्येक प्रतीला वाचनालय दाखल क्रमांक देतं. तो देणारे तुम्हीच, एकदा शिक्का मारला की बदलत नाही, प्रत गहाळ झाली तरी तो दुसऱ्या पुस्तकाला देत नाहीत. इतका शिस्तीत चालणारा क्रमांक हाताशी असताना मी तोच प्रायमरी की केला असता.

गवतफूल

इथे मात्र मी वेगळं करेन. दाखल क्रमांक शिस्तीत चालतो तो रजिस्टरात. टंकताना ११५३ चा ११३५ होतो आणि मग दुरुस्ती करावी लागते, तीही देवघेव होऊन गेल्यावर. उद्या दुसरं वाचनालय यात विलीन झालं तर त्यांचाही दाखल क्रमांक १ पासूनच सुरू झालेला असतो. आतल्या जोडण्यांसाठी आयडी ठेवला आणि दाखल क्रमांकावर युनिक लावलं, तर दुरुस्ती एका ओळीत होते. पुढे गरज पडली तर युनिक फक्त शाखा आणि दाखल क्रमांक मिळून करायचं, फॉरेन की जागच्या जागी.

शून्यविराम

विलीनीकरणाचा मुद्दा पटला. टंकनाची चूक कॅस्केडने निभावली असती, दोन वाचनालयं एकत्र येणं निभावलं नसतं.

चौथा कोपरा

कोडच्या टेबलांबद्दल कोणी बोललं नाही. भाषांचं एक टेबल लागेलच. तिथे आयएसओ ६३९ या भाषांच्या मानकातला दोन अक्षरी कोड हीच प्रायमरी की ठेवा, मराठीला एमआर, हिंदीला एचआय. टेबल लहान आहे, कोड वाचता येतो, आणि पुस्तकांच्या टेबलात थेट कोड दिसत असल्याने दर वेळी जॉइन (दोन टेबलं जोडून वाचणं) करावा लागत नाही.

मात्र प्रमाणित कोडही अढळ नसतात हे लक्षात असू द्या. हिब्रूचा कोड आधी आयडब्ल्यू होता, १९८९ मध्ये तो एचई झाला, इंडोनेशियनचा आयएन जाऊन आयडी आला. जावा या प्रोग्रामिंग भाषेने जुने कोड पुढे कित्येक वर्षं तसेच चालवले, आवृत्ती १७ मध्ये बदलले. देशांच्या कोडांत तर सीएस हा कोड आधी चेकोस्लोव्हाकियाचा होता, २००३ मध्ये तोच सर्बिया आणि माँटेनेग्रोला दिला गेला. जुन्या पुस्तकांचा प्रकाशन देश नोंदवणाऱ्याला हा बदल थेट भिडतो. भाषेच्या कोडाला मी तरीही नॅचरल की म्हणून हो म्हणतो, देशाच्या कोडाला थोडं जपून.

आडवाट

छान समजतंय. आता देवघेव. सभासद आणि प्रत मिळून की का नको?

गवतफूल

कारण तोच सभासद तीच प्रत पुन्हा नेतो. दुसऱ्या वेळी ओळ घालता येणार नाही. त्यात तारीख मिळवली तरी सकाळी परत केलेलं पुस्तक संध्याकाळी तोच माणूस पुन्हा नेऊ शकतो. वेळेचा सेकंदापर्यंतचा ठसा कीमध्ये घालू नका, तो दोन यंत्रांवर सारखा येऊ शकतो आणि जॉइन करताना अचूकतेच्या भानगडी होतात. देवघेव ही घटना आहे, तिला सरोगेट आयडी योग्य.

पण शून्यविराम यांचा प्रश्न इथे लावून बघा, फार सुंदर उत्तर मिळतं. आयडी झाकला तर या टेबलाचा खरा नियम काय? एक प्रत एका वेळी एकाच माणसाकडे असू शकते. म्हणजे प्रतीची "अजून परत न आलेली" ओळ जास्तीत जास्त एक. पोस्टग्रेसमध्ये हे पार्शल युनिक इंडेक्सने थेट लिहिता येतं: प्रत आयडीवर युनिक, अट अशी की परतीची तारीख नल असावी. दोन काउंटरवरून एकाच क्षणी तीच प्रत दिली गेली तर दुसऱ्याला डेटाबेस नकार देतो. आधी तपासून मग ओळ घालणाऱ्या कोडला हे साधत नाही, कारण तपासणं आणि घालणं यांच्या मधल्या फटीत दुसरा व्यवहार शिरतो.

मायएसक्यूएलमध्ये पार्शल इंडेक्स नाही. तिथे एक जनरेटेड (इतर कॉलमांवरून आपोआप भरणारा) कॉलम करा, परत आली नसेल तर त्यात प्रत आयडी, आली असेल तर नल, आणि त्यावर युनिक लावा. युनिक इंडेक्समध्ये नल कितीही चालतात, त्यामुळे परत आलेल्या ओळी आड येत नाहीत. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसवर ही युक्ती चालणार नाही, तिथे युनिक इंडेक्स एकच नल मान्य करतो. पण तिथे फिल्टर्ड इंडेक्स, म्हणजे पार्शल इंडेक्सच, आहे.

तळटीप

पोस्टग्रेस १८ मध्ये प्रायमरी की किंवा युनिकला विदाउट ओव्हरलॅप्स लावता येतं. प्रत आणि कालावधी मिळून की, आणि त्याच प्रतीचे दोन कालावधी एकमेकांवर चढले तर नकार. आरक्षणाच्या टेबलाला उपयोगी पडेल. त्यासाठी बीट्री जिस्ट हे एक्स्टेन्शन चालू करावं लागतं.

चौथा कोपरा

कंपोझिट की कुठे शोभते तेही सांगतो: पुस्तक आणि लेखक यांना जोडणारं टेबल. पुस्तक आयडी, लेखक आयडी आणि भूमिका, कारण एकच व्यक्ती संपादकही असते आणि अनुवादकही. हे तीन कॉलम मिळून प्रायमरी की. तिथे वेगळा आयडी लावून काही मिळत नाही, उलट या तिघांवर युनिक लावायचं राहून जातं आणि तोच लेखक तीनदा चिकटतो.

कॉलमांचा क्रम महत्त्वाचा आहे. पुस्तक आधी असेल तर "या पुस्तकाचे लेखक" हा शोध या इंडेक्सवर भागतो. "या लेखकाची पुस्तकं" यासाठी लेखक आयडीवर वेगळा इंडेक्स लागतो. पोस्टग्रेस फॉरेन कीच्या कॉलमवर आपणहून इंडेक्स बनवत नाही, मायएसक्यूएलचं इनोडीबी हे साठवणीचं इंजिन बनवतं. याच कारणाने लेखक हटवताना पोस्टग्रेस अख्खं जोड टेबल वाचत बसतो.

आडवाट

आता यूयूआयडीबद्दल. सहकारी ठाम आहे. तिचा मुद्दा असा की पुढे फिरतं वाचनालय सुरू झालं तर तिथल्या यंत्रावर इंटरनेट नसतानाही नोंदी व्हाव्यात आणि नंतर मुख्य डेटाबेसमध्ये मिसळाव्यात.

मध्यरात्र

तिचा मुद्दा अगदी बरोबर आहे, आणि यूयूआयडीचं हेच सगळ्यात सबळ कारण आहे. ऑटो आयडी देणारा एकच असावा लागतो. यूयूआयडी कुठेही, कोणालाही न विचारता तयार होतो. चौथ्या आवृत्तीत १२२ बिट यादृच्छिक असतात, दोन ठिकाणी तोच निघण्याची धास्ती बाळगायची गरज नाही.

किंमत कुठे मोजावी लागते ते टेबल डिस्कवर कसं ठेवलं जातं त्यावर ठरतं. इनोडीबीमध्ये टेबल म्हणजेच प्रायमरी कीच्या क्रमाने लावलेलं बी-ट्री, म्हणजे पानांची झाडासारखी रचना. वाढत जाणारी की असेल तर नवी ओळ कायम शेवटच्या पानावर जाते आणि पानं जवळपास पूर्ण, १६ पैकी १५ भाग भरतात. यादृच्छिक की असेल तर ओळ मधल्या कुठल्याही पानावर जाते, भरलेलं पान फुटून त्याची दोन होतात आणि पानं निम्म्यापर्यंत रिकामी राहू शकतात. टेबल मेमरीपेक्षा मोठं झालं की प्रत्येक इन्सर्टला डिस्कवरचं वेगळं पान ओढावं लागतं. शिवाय इनोडीबीच्या प्रत्येक सेकंडरी (प्रायमरी कीखेरीजच्या) इंडेक्समध्ये प्रायमरी कीची प्रत असते. की ८ बाइटची आहे की १६ ची की ३६ अक्षरांची, हा हिशोब प्रत्येक इंडेक्सगणिक पुन्हा लागतो. म्हणून मायएसक्यूएलमध्ये यूयूआयडी ठेवायचाच तर बायनरी १६ मध्ये, टेक्स्टमध्ये कधीही नाही.

पोस्टग्रेसमध्ये ओळी हीपमध्ये असतात, कीच्या क्रमाने लावलेल्या नसतात. त्यामुळे टेबल विस्कटत नाही, पण प्रायमरी कीचा इंडेक्स बी-ट्रीच असल्याने तो विस्कटतोच.

यावरचा उपाय आता प्रमाणित आहे. मे २०२४ मध्ये आलेल्या आरएफसी ९५६२ या इंटरनेट मानकात यूयूआयडीची सातवी आवृत्ती आहे. तिचे पहिले ४८ बिट म्हणजे मिलिसेकंदातली वेळ, उरलेल्यात बहुतांश यादृच्छिक. त्यामुळे नव्या की साधारण वाढत्या क्रमाने येतात आणि इंडेक्सच्या शेवटी जातात. पोस्टग्रेस १८ मध्ये ती तयार करणारं फंक्शन आहेच, जुन्या आवृत्तीत अॅप्लिकेशनच्या लायब्ररीने तयार करून त्याच यूयूआयडी प्रकारच्या कॉलममध्ये ठेवता येते.

उलट बाजूही आहे. डेटा अनेक यंत्रांवर वाटणाऱ्या डेटाबेसमध्ये, उदाहरणार्थ गूगलच्या स्पॅनरमध्ये, वाढती की टाळा असं सांगितलं जातं, कारण सगळी इन्सर्ट एकाच यंत्रावर कोसळतात. तिथे विखुरलेली कीच हवी. एका यंत्रावरच्या डेटाबेसचा सल्ला तिथे उलटा पडतो.

रानवारा

आणखी एक फायदा राहिला. ऑटो आयडी यूआरएलमध्ये दिसला की कोणीही आकडा बदलून दुसऱ्याची माहिती बघू शकतो. यूयूआयडीने ती सुरक्षा आपोआप मिळते.

गवतफूल

रानवारा, हे असंच सोडायला नको, कारण यावर विसंबून लोक परवानगीची तपासणीच लिहीत नाहीत. आकडा बदलून दुसऱ्याची माहिती दिसत असेल तर दोष आकड्याचा नाही. ही ओळ बघण्याचा हक्क मागणाऱ्याला आहे का, हे सर्व्हरने तपासलं नाही, हा दोष आहे. ओवॅस्प या वेबसुरक्षेच्या संस्थेच्या २०२१ च्या धोक्यांच्या यादीत हाच प्रकार पहिल्या क्रमांकावर आहे. यूयूआयडी ईमेलमधून, लॉगमधून, ब्राउझरच्या इतिहासातून बाहेर जातोच.

ओळीने येणारे आकडे एक गोष्ट मात्र नक्की उघड करतात, एकूण किती आहेत ते. दुसऱ्या महायुद्धात मित्रराष्ट्रांच्या संख्याशास्त्रज्ञांनी हाती लागलेल्या जर्मन रणगाड्यांवरच्या अनुक्रमांकांवरून त्यांच्या उत्पादनाचा अंदाज काढला होता, तेच गणित. सातव्या आवृत्तीचा यूयूआयडीही ओळ कधी तयार झाली हे सांगतो. ज्याला हे लपवायचं आहे त्याने आत साधा आयडी ठेवावा आणि बाहेर दाखवायला वेगळा, पूर्ण यादृच्छिक कॉलम युनिक करून ठेवावा.

रानवारा

बरोबर. तपासणी लिहायलाच हवी, की कोणतीही असो.

मध्यरात्र

आकड्यांच्या बाजूने कौल द्याल तर इंट नको, ६४ बिटांचा बिगइंट घ्या. ३२ बिटांचा इंट २,१४,७४,८३,६४७ ला संपतो. वाचनालयाच्या पुस्तकांना तो जन्मभर पुरेल. पण सवय म्हणून तोच प्रकार लॉगच्या किंवा सेन्सरच्या टेबलात जातो आणि तिथे संपतो. ओळी काढून टाकल्या तरी क्रमांक पुढेच जात राहतात, त्यामुळे "टेबलात तर एवढ्या ओळीच नाहीत" हा दिलासा खोटा असतो. संपला की इन्सर्ट थांबतात. पोस्टग्रेसमध्ये कॉलमचा प्रकार इंटवरून बिगइंट करताना अख्खं टेबल पुन्हा लिहिलं जातं आणि तोवर कुलूप लागलेलं असतं. फॉरेन कीचे कॉलमही बदलायचे असतात. हे सगळं ४ बाइट वाचवण्यासाठी. रेल्स आणि जँगो या वेब फ्रेमवर्कांनी अनुक्रमे आवृत्ती ५.१ आणि ३.२ पासून नव्या प्रकल्पांना मुळातच बिगइंट द्यायला सुरुवात केली, त्याचं कारण हेच.

फक्त ब्राउझरकडे पाठवताना एक काळजी घ्या. जावास्क्रिप्टची नेहमीची संख्या ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९१ पर्यंतच प्रत्येक पूर्णांक अचूक धरते. १, २, ३ असे चढणारे आयडी तिथवर पोहोचत नाहीत, पण ट्विटरच्या स्नोफ्लेकसारखे ६४ बिटांचे आयडी पोहोचतात आणि शेवटचे अंक मुकाट्याने बदलतात. ट्विटरने त्यासाठी आयडी स्ट्रिंगच्या रूपातही द्यायला सुरुवात केली. तुम्हीही तसंच करा.

आडवाट

मग सभासद क्रमांक आणि पावती क्रमांक हेच ऑटो आयडी केले तर एक कॉलम वाचेल ना?

शून्यविराम

नका करू. ऑटो आयडी सलग येण्याची हमी कोणताच डेटाबेस देत नाही. व्यवहार रोलबॅक (रद्द) झाला तरी घेतलेला क्रमांक परत जात नाही, नाहीतर प्रत्येक इन्सर्टला आधीच्या व्यवहाराच्या निकालाची वाट बघावी लागली असती. एसक्यूएल सर्व्हरच्या २०१२ च्या आवृत्तीपासून, सर्व्हर अचानक बंद पडला तर इंटचा आयडेंटिटी (तिथला ऑटो आयडी) १००० ने पुढे उडी मारू शकतो. पावत्यांचा हिशोब तपासणारा मधला क्रमांक कुठे गेला म्हणून विचारणारच, आणि त्याचं विचारणं योग्य आहे. सलग क्रमांक हवा तर त्यासाठी वेगळं मोजणीचं टेबल ठेवा, त्यातली ओळ कुलूपबंद करून क्रमांक घ्या. थोडं हळू चालेल, पावत्यांना ते चालतं.

मायएसक्यूएलवर गेलात तर आणखी एक. ८.० च्या आधी इनोडीबीचा ऑटो इन्क्रिमेंटचा मोजणीदार फक्त मेमरीत असायचा. शेवटची ओळ हटवून सर्व्हर पुन्हा सुरू केला तर तोच आयडी नव्या ओळीला मिळायचा. जुन्या आयडीचा उल्लेख दुसरीकडे कुठे राहिला असेल तर तो आता भलत्याच ओळीकडे बोट दाखवतो. ८.० पासून मोजणीदार डिस्कवर जपला जातो.

चौथा कोपरा

टेक्स्टची की ठेवणाऱ्यांसाठी लिहून ठेवतो, कारण लेखकांच्या नावाला युनिक लावायचा मोह आडवाट यांना होईल. दोन टेक्स्ट सारखे आहेत की नाहीत हे कोलेशन ठरवतं. मायएसक्यूएलचं मूळ कोलेशन लहान-मोठी रोमन अक्षरं एकच मानतं, पोस्टग्रेस वेगळी मानतो. देवनागरीत तर ऱ हे अक्षर एका कोड पॉइंटनेही (युनिकोडमधल्या क्रमांकाने) लिहिता येतं आणि र अधिक नुक्ता असं दोन कोड पॉइंटनेही. डोळ्यांना दोन्ही एकच, बाइट मात्र वेगळे, आणि पोस्टग्रेस त्यांना दोन वेगळी नावं धरेल. टेबलात घालण्याआधी सगळं एनएफसी या युनिकोडच्या एकसारख्या रूपात आणा, पोस्टग्रेस १३ पासून त्यासाठी नॉर्मलाइझ फंक्शन आहे.

२०१८ च्या जीलिबसी २.२८ मध्ये (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) अक्षरांच्या क्रमाचे नियम बदलले तेव्हा लिनक्स अद्ययावत करणाऱ्या पोस्टग्रेसवाल्यांचे टेक्स्टवरचे इंडेक्स चुकीच्या क्रमाचे ठरले, आणि युनिक इंडेक्स असूनही डुप्लिकेट शिरू शकत होते. संख्येच्या किंवा यूयूआयडीच्या कीला हा धोका नाही.

आडवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. आता आराखडा असा झाला आहे. पुस्तकं, प्रती आणि लेखक यांना बिगइंट आयडी, कारण ते मुख्य ठिकाणीच नोंदले जातात. प्रतींत दाखल क्रमांक युनिक आणि नॉट नल. सभासद आणि देवघेव यांना सातव्या आवृत्तीचा यूयूआयडी, कारण फिरत्या वाचनालयात ऑफलाइन नोंदी होतील. सभासद क्रमांक युनिक. "परत न आलेली एकच ओळ" हा पार्शल इंडेक्स. भाषेला आयएसओ कोड. पुस्तक-लेखक जोड टेबलाला तीन कॉलमांची की. काही खटकतंय का?

गवतफूल

एक खटकलं. ऑफलाइन नोंदवलेल्या सभासदाला सभासद क्रमांक कोण देणार? दोन फिरती वाचनालयं असतील तर दोघं तोच पुढचा क्रमांक देतील आणि मिसळताना युनिक अडवेल. प्रत्येक यंत्राला आधीच क्रमांकांचा एक पट्टा वाटून द्या, किंवा क्रमांक मिसळल्यानंतरच देऊन कार्ड तेव्हा छापा. देवघेवीत तीच अडचण पार्शल इंडेक्सला येईल. प्रत मुख्य वाचनालयात परत आली पण फिरत्या यंत्राला ते कळलं नाही, तर मिसळताना आधी परतीच्या नोंदी चढवा, मग नव्या देण्याच्या.

आडवाट

क्रमांकांचा पट्टा वाटणं सोपं वाटतं, तेच करतो. शेवटचं: रजिस्टरातून आणि एक्सेलमधून आणलेल्या जुन्या पुस्तकांना तिथले अनुक्रमांकच आयडी म्हणून दिले तर चालतील का?

मध्यरात्र

चालतील, पण मी जुना अनुक्रमांक वेगळ्या कॉलममध्ये ठेवला असता. जुन्या नोंदीशी पडताळणी करताना तो लागतो, आणि दोन फाइलींचे अनुक्रमांक एकमेकांवर आदळतात. तरी तेच द्यायचे ठरवलंत तर लक्षात ठेवा, पोस्टग्रेसमध्ये आयडी स्वतः लिहून ओळी घातल्या की मागचा सीक्वेन्स (क्रमांक देणारा मोजणीदार) पुढे सरकत नाही. तो १ वरच असतो. आयात निर्विघ्न पार पडते, आणि पडद्यावरून पहिलं नवं पुस्तक नोंदवताना डुप्लिकेट कीची त्रुटी येते. आयात संपल्यावर सेटव्हॅल फंक्शनने सीक्वेन्स टेबलातल्या सर्वात मोठ्या आयडीवर नेऊन ठेवा. कॉलम जनरेटेड ऑलवेज अॅज आयडेंटिटी असा केलात तर आयडी हाताने घालायला पोस्टग्रेस मुळातच नकार देईल, त्यासाठी इन्सर्टमध्ये ओव्हरराइडिंग सिस्टिम व्हॅल्यू लिहावं लागेल. रोजच्या कामात ती आडकाठी चांगलीच आहे, फक्त आयातीच्या स्क्रिप्टमध्ये ते शब्द घालायला विसरू नका.